चोथा हाच आमचा कच्चा माल

टोमॅटोची पेस्ट किंवा केचप करणाऱ्या कारखान्यात चाळणीतून रस पुढे जातो. साली, बिया आणि थोडासा गर मागे राहतो. घेतलेल्या टोमॅटोच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के इतकाच हा चोथा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हंगामात रोज शेकडो टन टोमॅटो आत येत असेल, तर संध्याकाळी मागच्या बाजूला ढीग उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो. तो उचलून नेणारं कोणीतरी कारखान्याला हवंच होतं. तिथून आमची सुरुवात झाली.

पहिली काही वर्षं आम्ही चोथा वाळवून पशुखाद्य करणाऱ्यांना विकला. ओल्या चोथ्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे कमाईचा मोठा भाग ड्रायरच्या इंधनात जायचा. धंदा चालत होता, वाढत नव्हता. एका खाद्यरंगाच्या व्यापाऱ्यानं फक्त सालीचा नमुना मागितला आणि आम्ही पहिल्यांदा त्या लाल रंगाकडे नीट पाहिलं.

तो रंग म्हणजे लायकोपीन. गरापेक्षा सालीत त्याचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त असतं. नारिंजेनिन चाल्कोन नावाचं फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांच्या एका गटातलं द्रव्य) तर जवळजवळ सगळं सालीतच सापडतं, त्याच गटातल्या रुटिनचाही मोठा वाटा तिथलाच. म्हणजे आरोग्याच्या नावाखाली ज्याची चर्चा होते, त्यातलं बरंचसं चाळणीच्या वरच राहतं. मग साल आणि बी वेगळी करणं आलं. पाण्यात बी तळाशी बसते, साल तरंगते. पण भिजवलं की पुन्हा वाळवणं आलंच. म्हणून आम्ही आधी वाळवतो आणि मग हवेच्या झोतानं हलकी साल उडवून घेतो.

खरं शिक्षण मात्र त्यानंतर झालं. लायकोपीनच्या रेणूत ४० कार्बन अणू असतात आणि त्यांच्या साखळीत एकाआड एक असे ११ दुहेरी बंध. त्यांच्यामुळेच तो लाल दिसतो, त्यांच्यामुळेच पेशींना इजा करणाऱ्या मुक्त कणांना (फ्री रॅडिकल्स) आवर घालतो आणि त्यांच्यामुळेच हवा-उजेडात पटकन खराबही होतो. पेशीच्या आत तो स्फटिकांच्या रूपात बऱ्यापैकी सुरक्षित असतो. साल दळली की त्याला सगळीकडून हवा लागते. त्यामुळे आमच्याकडे साल अख्खी साठवली जाते आणि ऑर्डर आल्यावरच दळली जाते. पिशवी अपारदर्शक, आत नायट्रोजन. लायकोपीन तयार करायचं काम टोमॅटोनं आधीच केलेलं असतं, आमचे पैसे ते टिकवण्याचे. फिकट भुकटी कोणी घेत नाही.

‘गरम केलं की सत्त्व जातं ना?’ हा प्रश्न दर नवा ग्राहक विचारतो. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते बरोबर आहे. लायकोपीनचं उलट आहे: शिजवल्यावर पेशींच्या भिंती फुटतात, काही रेणू सरळ (ट्रान्स) रूपातून वाकलेल्या (सिस) रूपात जातात आणि शरीराला तो घेणं सोपं होतं. फक्त सोबत स्निग्ध पदार्थ लागतो, कारण हे द्रव्य पाण्यात विरघळतच नाही. आणि गाजरातल्या बीटा-कॅरोटीनसारखं त्याचं अ जीवनसत्त्व होत नाही, हेही वारंवार सांगावं लागतं.

स्निग्ध पदार्थ म्हटल्यावर बियांकडे लक्ष गेलं. टोमॅटोच्या बीत साधारण पाचवा हिस्सा तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल. हेक्झेनसारखं द्रावक वापरायचं तर आगीचा धोका आणि मालात उरणारा अंश, दोन्ही सांभाळावे लागतात. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं अर्क स्वच्छ निघतो. पण तो वायू ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या पुढे न्यावा लागतो, आणि लायकोपीनसाठी प्रत्यक्षात कित्येकशे बार. ते यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून आम्ही बियांचं तेल दाबून काढतो आणि त्यातच सालीची भुकटी मुरवतो. अर्क कमी निघतो, पण खाण्याजोगा निघतो. आज आमचा सर्वाधिक खपणारा माल हाच लाल तेलाचा अर्क आहे.

विक्रीतला सगळ्यात मोठा वाद लेबलवरून झाला. काही वितरकांना डब्यावर ‘कर्करोग रोखतो’ असं हवं होतं. २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं याचा आढावा घेतला. लायकोपीनबाबत असा दावा करण्याजोगा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही. टोमॅटो खाणं आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांच्यातल्या संबंधाचा पुरावाही फार मर्यादित आणि प्राथमिक ठरला. मग आम्ही कोण? लेबलवर १०० ग्रॅममागे किती मिलिग्रॅम लायकोपीन, एवढंच छापतो. त्यापायी काही ऑर्डर गेल्या. त्याऐवजी आमचा वेळ कीटकनाशकांच्या तपासणीत जातो, कारण फवारणीचा उरलेला अंश बराचसा सालीवरच असतो आणि वाळवल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. ज्या लॉटचा अहवाल येत नाही, तो दळायला घेत नाही.

अर्क काढून उरलेल्या सालीतलं क्युटिन, म्हणजे सालीला पाण्यापासून वाचवणारं द्रव्य, धातूच्या डब्यांच्या आतल्या लेपासाठी वापरता येतं. त्यावर काम करणाऱ्यांना आम्ही नमुने देतो, स्वतः त्यात उतरलेलो नाही. सध्याची अडचण वाहतुकीची आहे: चोथा आमच्यापर्यंत पोहोचेतो तापलेला असतो. पुढच्या हंगामात पाणी पिळून काढणारा स्क्रू प्रेस थेट कारखान्याच्या आवारात बसवतोय; जागेचं बोलणं झालंय, विजेच्या जोडणीचं बाकी आहे.