दोन मिलिमीटर मागे

काटोलकडचे संत्र्याचे बागायतदार काका, पार्किन्सन बऱ्याच वर्षांचा. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद ठेवलेल्या, त्यामुळे नागपुरात आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) आले तेव्हा हात थरथरून राहिला होता आणि अंग इतकं आखडलेलं की टेबलवर घ्यायलाच वेळ गेला. डीबीएसच्या (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोल तार बसवून तिथे करंट देण्याच्या) केसमध्ये मी रेकॉर्डिंग बघते, म्हणजे सर्जन बारीक इलेक्ट्रोड मेंदूत खाली खाली नेतात आणि टोकाशी असलेल्या पेशींचा आवाज मी स्पीकरवर ऐकते, स्क्रीनवर बघते.

लोकांना वाटतं एमआरआय भारी असला की झालं. पण जिथे पोचायचं तो सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणजे मेंदूत खोलवरचा पेशींचा जेमतेम 6-7 मिलिमीटरचा दाणा, त्यातही आपल्याला हवा मागचा, वरचा, बाहेरच्या अंगाचा भाग, आणि लीड, म्हणजे शेवटी कायमची बसवायची तार, तीच सव्वा मिलिमीटर जाड. थोडं बाहेर गेलं की करंट दिल्यावर तोंड ओढतं, बोलणं जड होतं, मागे गेलं की हातात मुंग्या. म्हणून सकाळी डोक्याला फ्रेम, सीटी, तो कॉम्प्युटरवर एमआरआयशी जुळवायचा, मग फ्रेमचे आकडे एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने लावून परत वाचून दाखवायचे, यात घाई कोणी करत नाही.

डावी बाजू प्लॅनप्रमाणे गेली. आधी शांत, मग एकदम खरखर वाढली, आणि काकांचं मनगट हलवलं की पेशी लगेच उत्तर देत होती. टेस्टचा करंट दिला तसे काका म्हणाले, "हात हलका झाला ना वं बाई!" माणूस जागा असतो म्हणून हे कळतं. फ्रेंच सर्जन बेनाबिड यांनी 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला जे सुरू केलं त्याची सुरुवातच अशी, कंपासाठी तेव्हा मेंदूतला छोटा भाग जाळायचे, ती जागा तपासताना दिलेल्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या करंटने कंप थांबला.

उजव्या बाजूला मात्र मधल्या ट्रॅकवर (इलेक्ट्रोड खाली न्यायच्या वाटेवर) जेमतेम दीड-दोन मिलिमीटर आवाज आला आणि संपला, मनगट हलवलं तरी काही नाही. आकडे परत तपासले, सगळे बरोबर. मग? डाव्या बाजूच्या, कवटीला पाडलेल्या पहिल्या छिद्रातून मेंदूभोवतीचं पाणी गेलं होतं, हवा आत शिरली होती, आणि माणूस उताणा असला की मेंदू मागे बसतो. एमआरआय आदल्या दिवशीचा, त्याला हे कसं दिसणार. मी सरांना म्हटलं, सर, आपण पुढे आहोत वाटतं. प्रत्येक नवीन ट्रॅकबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे हे सहज बोलायचं वाक्य नाही. सरांनी ग्राफ शांतपणे बघितला, मग 2 मिलिमीटर मागचा ट्रॅक घेतला. तिथे 5 मिलिमीटर भरपूर आवाज! करंट वाढवत नेला, ताठरपणा गेला, मुंग्या बऱ्याच वरच्या करंटला आल्या, त्याही लगेच गेल्या.

नंतरच्या सीटीत कपाळाकडे हवा दिसलीच. लीड कागदावर प्लॅनपासून 2 मिलिमीटर दूर, पण न्यूक्लियसमध्ये बरोबर. आता बऱ्याच ठिकाणी पेशंटला झोपवून, ओटीतल्याच स्कॅनवर हे ऑपरेशन होतं आणि रिझल्टही चांगले येतात, पण जिथे तो स्कॅन नाही तिथे वेळ वाचवायला रेकॉर्डिंग गाळणं मला अजिबात पटत नाही. आमच्याकडे आता पहिलं छिद्र सलाईनने भरून ग्लूने बंद केल्याशिवाय दुसरी बाजू उघडत नाहीत, आणि डोक्याकडची बाजू किती वर ठेवायची ते ॲनेस्थेशियाच्या मॅडमशी आधीच बोलून ठरतं.