लिफ्टरचा पिक्चर

‘हायक्यू’ या व्हॉलीबॉलवरच्या जपानी कार्टून मालिकेचा ‘द डम्पस्टर बॅटल’ हा पिक्चर हिनाताचा, असं माझा भाचा म्हणतो. मला तो केन्माचा वाटला. केन्मा लिफ्टर आहे, म्हणजे स्मॅशरला बॉल उचलून देणारा, आणि खानापूर तालुक्यातल्या हायस्कुलात मीही लिफ्टरच होतो, म्हणजे मी कुणाच्या बाजूनं बोलणार ते उघड आहे. टाळ्या स्मॅशरला, शिव्या लिफ्टरला, हा आमच्या भागातला रिवाज!

अख्खा पिक्चर एकाच मॅचचा. हिनाताची शाळा मियागीचं कारासुनो, म्हणजे कावळे; केन्माची टोकियोचं नेकोमा, म्हणजे मांजरं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या कोचांची खुन्नस जुनी. पोरांच्या सरावाच्या मॅच ढीगभर झाल्यात, आणि हरलं की हिनाता ओरडणार, ‘आणखी एकदा!’ इथं मात्र राष्ट्रीय स्पर्धेची तिसरी फेरी. हरला तो घरी.

शेजारच्या गावच्या पोरांशी आमचं असंच होतं. रविवारी त्यांच्या तांबड्या मैदानावर एकत्र खेळायचो, बॉल फुटला की दोन्ही गावांची वर्गणी. आणि ऑगस्टात तालुका पातळीला, भर पावसात, तीच पोरं समोर. त्यांचा एक डावखुरा स्मॅशर होता. ब्लॉकला हात नेटच्या पलीकडे कसे काढायचे, ते आमच्या उंच पोराला त्यानंच शिकवलेलं. तालुक्याला त्याचे स्मॅश त्याच हातांवर आपटून परत जायला लागले, तसा तो वैतागून ओरडला, ‘ह्याला शिकवलं कुणी रे?’ पंचसुद्धा हसले. पिक्चरमध्ये नेकोमाचा कॅप्टन कुरोओ आणि कारासुनोचा उंच त्सुकिशिमा यांचं नेमकं हेच आहे. शिबिरात ब्लॉकचे धडे दिले कुरोओनं, आता भोगतोय तोच.

पण खरी मजा केन्माच्या डोक्यात. हिनाता बुटका, त्याची सगळी ताकद पळत येऊन उडी मारण्यात. केन्मा ती धावच खातो. सर्व्हिस अशी टाकायची की बॉल हिनातालाच उचलावा लागेल, नाहीतर त्याच्या वाटेत कुणीतरी येईल. धावायला जागा नाही म्हणजे उडी नाही. हळूहळू हिनाता गप्प होतो, आणि केन्मालाच ते बघून कंटाळा यायला लागतो. मग कारासुनोचा लिफ्टर कागेयामा बॉल उंच सोडतो, इतका उंच की हिनाताला मागं सरून पुरती धाव घेता येते. कुरोओनं ओढून आणला म्हणून खेळायला लागलेला, घामाचाही कंटाळा असलेला केन्मा शेवटी जमिनीवर पडून म्हणतो, मजा येतेय! हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो.

शेवटची रॅली तर आपण केन्माच्या डोळ्यांनीच बघतो. त्याची धाप ऐकू येते, नेटजवळचे हात दिसतात, आणि घामानं बॉल बोटांतून निसटतो. चामड्याचा बॉल पावसात भिजून जड झाला की कसा निसटतो, ते खानापूरकडच्या लिफ्टरला विचारा.

एक तक्रार आहे. ऐन रॅलीत जुन्या आठवणी घुसवल्यात, त्यात लय तुटते. ८५ मिनिटांत एवढी माणसं बसवायची म्हटल्यावर काही जण नुसते तोंड दाखवून जातात. यावर भाच्याचं उत्तर तयार होतं, ‘मामा, आधी चारही सीझन बघायचे होतेस की.’ त्यांचेही एकूण ८५ भाग! मी थेट दुसऱ्या सीझनपासून सुरुवात केलीय, टोकियोचं शिबिर त्यात आहे म्हणून.