महागाई उतरली, मग पेन्शन वीस तारखेलाच का संपते?

दादरला मी लोकांच्या पैशांची आखणी करून देते. माझ्या टेबलासमोर येऊन बसणारी मंडळी बरेच दिवस एकच प्रश्न विचारताहेत. "ताई, बातम्यांत सांगतात महागाई उतरली. मग आमची पेन्शन वीस तारखेलाच का संपते?" विचारणारे बहुतेक निवृत्त. आवाजात चीड असते आणि तिच्याखाली एक भीतीही, की आता वय झालं, आपलाच हिशेब कुठेतरी चुकत असेल.

हिशेब चुकत नाही. बातमीतला आकडाही खोटा नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के नोंदला गेला. 2012 हे पायाभूत वर्ष असलेल्या, म्हणजे त्या वर्षीच्या भावांशी तुलना करून मोजलेल्या, मालिकेतला तो सर्वांत कमी आकडा. त्यात मोठा हात भाजीचा. आदल्या ऑक्टोबरात भाज्या वर्षभरात सुमारे 42 टक्क्यांनी महागल्या होत्या. केशवसुत पुलाजवळच्या बाजारात टोमॅटो हातात घेऊन परत ठेवणारी माणसं तेव्हा मी रोज बघत होते. पुढच्या ऑक्टोबरात त्याच भाज्या साधारण साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे शंभराची भाजी आधी 142 ला गेली आणि मग 103 वर आली. उतरली हे खरं, पण शंभरावर काही आली नाही.

बाकीच्या बऱ्याच खर्चांचं तर तेवढंही झालं नाही. महागाईचा दर कमी झाला म्हणजे भाव चढण्याचा वेग कमी झाला. बोरिवलीहून सुटलेली फास्ट लोकल वांद्र्यापुढे सिग्नलला रेंगाळली, म्हणून ती बोरिवलीला परत जात नाही, रखडत का होईना चर्चगेटकडेच सरकते. फेब्रुवारी 2025 मध्ये रिक्षाचं किमान भाडं 23 रुपयांवरून 26 झालं. मे महिन्यात बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट 5 वरून 10 वर गेलं. वर्ष उलटल्यावर बसभाड्याची वाढ शून्य टक्के दिसेल, पण कंडक्टर दहाच रुपये मागेल.

दुसरी गोष्ट वजनाची, म्हणजे महागाई मोजताना कुठल्या खर्चाचा वाटा किती धरायचा त्याची. 2012 च्या मालिकेत खाण्यापिण्याला जवळजवळ 46 टक्के वजन होतं, आरोग्याला सहापेक्षाही थोडं कमी. फेब्रुवारी 2026 पासून 2024 हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आली आणि त्यात खाण्याचं वजन घटवलंय. बरं झालं. तरी ती देशभरातल्या सगळ्या घरांची सरासरीच. पार्ल्यातलं सत्तरीचं जोडपं त्या सरासरीत कुठे बसणार? त्यांचं खाणं म्हणजे दोन फुलके, वाटीभर वरण आणि भाजी. पैसे जातात ते औषधांना, सोसायटीच्या मेंटेनन्सला, मेडिक्लेमला आणि दिवसभर सोबतीला येणाऱ्या मावशींच्या पगाराला. यातलं काहीही भाजीबरोबर उतरत नाही.

हा प्रश्न या शहराला नवा नाही. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता मुंबईतल्या भावांची चढउतार दाखवणाऱ्या निर्देशांकाला बांधलेला असे. 1963 साली कामगार म्हणू लागले, की हा निर्देशांक आमच्या घरातली महागाई दाखवतच नाही. राज्य सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि समितीने निर्देशांकात दुरुस्ती सुचवली. चाळीतल्या बायकांनी रॉकेल-ज्वारीचे भाव लिहून ठेवलेल्या वह्या बरोबर ठरल्या. आजोबा हे सांगताना ताठ बसायचे. म्हणून कुणी माझ्यापुढे वही सरकवत "आमचं आपलं घरगुती गणित" असं दबकत म्हणालं, की मला वाईट वाटतं.

निवृत्त माणसाला खरा फटका बसतो तो मात्र दुसऱ्याच बाजूने. महागाईचा दर खाली आला, तसा रिझर्व्ह बँकेने 2025 या एका वर्षात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला आणि त्यामागून बँकांचे व्याजदरही उतरले. गृहकर्ज फेडणाऱ्या मुलाचा हप्ता हलका झाला, पण एफडीच्या व्याजावर जगणाऱ्या आईवडिलांचं उत्पन्न घटलं. समजा, 20 लाखांची ठेव 7.25 टक्क्यांनी होती, वर्षाला 1,45,000 रुपये येत होते. मुदत संपली आणि 6.5 टक्क्यांनी ती नवी केली, तर येणार 1,30,000. महिन्याचे 1,250 रुपये गेले. देशभरातल्या घरांत भाजी स्वस्त झाली आणि व्याज कमी झालं तुमचं, ज्यांच्या खर्चात भाजीचा वाटाच लहान. वीस तारखेचं कोडं इथे सुटतं.

यावर मी काय सांगते? सगळ्या ठेवी एकाच वर्षी संपतील अशा ठेवू नका, म्हणजे दर पडलेले असताना सगळीच रक्कम त्यात सापडत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर 2025 मध्ये 8.2 टक्के होता आणि गुंतवताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. कमाल मर्यादा 30 लाखांची. पूर्ण रक्कम त्या दराने गुंतवली असेल, तर दर तिमाहीला 61,500 रुपये हातात येतात. प्रकृती धड असेल तोवर थोडा पैसा वाढीसाठी बाजारातही हवा, पण किती, ते घर बघूनच ठरवावं लागतं.

मेडिक्लेमबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, मोठाच दिलासा. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपनीने आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेशही जानेवारी 2025 मध्ये निघाला. पण दरवर्षी दहाच टक्के धरले, तरी सात वर्षांत प्रीमियम जवळजवळ दुप्पट होतो. आणि तुमच्या ठेवीवर व्याज येतंय ते 6.5 टक्केच, हे विसरू नका.

आपण कोथिंबिरीच्या जुडीचा भाव चार ठिकाणी विचारतो, आणि गेल्या वर्षी मेडिक्लेमला किती भरले ते विचारलं की एकमेकांकडे बघतो. जुडी रोज घ्यायची, प्रीमियम वर्षातून एकदा. म्हणून मी साधी दोनशे पानी वही हातात देते. डाव्या पानावर महिन्याचा खर्च, उजव्या पानावर वर्षातून एकदाच येणारा. दोन वर्षं लिहा आणि दुसऱ्या वर्षाची बेरीज पहिल्याशी ताडून बघा. ती वाढ म्हणजे तुमच्या घरचा महागाईचा दर. तुमच्यासाठी आखणी करताना मी तोच धरते.

मुलुंडच्या एका काकूंनी परवा त्यांच्या उजव्या पानाचा फोटो पाठवला. मेडिक्लेम, मालमत्ता कर, गॅस गीझरची दुरुस्ती, पाणीटाकीची वर्गणी, गणपतीला कोकणात जाण्यायेण्याचा खर्च. शेवटची ओळ होती, "गावच्या घराची कौलं, दर पावसाआधी." गेली अकरा वर्षं मी त्यांचे पैसे बघते. ही कौलं माझ्या एकाही कागदावर नव्हती.