सीरमवर साय

रात्री पावणेदोनला वॉर्डच्या मावशी लॅबमध्ये माझ्याकडे रक्ताचं सॅम्पल घेऊन आल्या. पेशंट पस्तिशीतला, ट्रक चालवणारा. बेंबीच्या वर कळ, ती थेट पाठीत जाणारी, उलट्या थांबेनात. शुगर, क्रिएटिनीन, अमायलेज मागितलं होतं. अमायलेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम, तिथे सूज आली की रक्तात वाढतं. त्याच कामाच्या दुसऱ्या एन्झाइमचं, लायपेजचं, किट महाग, म्हणून आमच्याकडे ठेवतच नाहीत.

नळी फिरवली, मशीनला लावली. अमायलेज ८४. आमची वरची मर्यादा १००. मी फोनवर सांगून मोकळी झाले.

"मग स्वादुपिंड नाही, अल्सरच दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

रॅक आवरताना नळीवरचं बारकोडचं स्टिकर सैल झालेलं दिसलं. ते सरकवलं आणि पोटात गोळा आला. रक्त फिरवल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी म्हणजे सीरम. आत सीरम नव्हतं, म्हशीचं दूध होतं! मोठी मशीन असं सीरम स्वतःच ओळखतात, आमचं नाही. त्यासाठी डोळे लागतात आणि माझे त्या वेळी घड्याळावर होते.

अमायलेज मोजायचं म्हणजे त्याने रिएजंटमधून, म्हणजे तपासणीच्या रसायनातून, सोडवलेला पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर वाचायचा. चरबीने गढूळ झालेल्या सीरममध्ये हे वाचन फसतं, आकडा खोटा कमी येतो. उपाय जुना आहे: सलाइन घालून पातळ करा. पाचपट केलं, गुणून ४८० आलं. दहापट केलं, ६१०. वीसपटीला ६२०. आता आकडा थांबला होता. पातळ करूनच ट्रायग्लिसराइडही, म्हणजे रक्तातली चरबीही, लावलं.

"सर, मघाचं ८४ रद्द करा. अमायलेज सहाशेच्या वर आहे. ट्रायग्लिसराइड चार हजार."

"चारशे ना?"

"चार हजार. नळी दाखवायला आणू?"

ते स्वतःच खाली आले. नळी ट्यूबलाइटसमोर धरली, काही बोलले नाहीत, जिना चढताना मात्र पळाले. अमायलेज वरच्या मर्यादेच्या तिप्पट आणि दुखणं तसंच असेल तर स्वादुपिंडाची सूज धरतात. इथे सहापट होतं, आणि हजारावरचं ट्रायग्लिसराइड हे त्या सुजेचं कारणही असू शकतं. सलाइन आणि इन्सुलिन पहाटेच सुरू झालं. मी रजिस्टरमध्ये 'आधीचा रिपोर्ट रद्द' लिहून खाली सही केली. ती नेहमीपेक्षा बारीक आली.

सकाळी फ्रिजमधून नळी काढली, तर वर जाड साय धरलेली. रिपोर्ट न्यायला आलेली त्याची बायको काउंटरवरून वाकून बघत होती.

"ताई, हे ह्यांचं रक्त?"

मी हो म्हटलं आणि नळी तिरपी केली. साय जागची हलली नाही.