तुम्ही विचारलंत म्हणून: दुपारी स्वस्तात काय खायचं?

ऑफिसमधली नवीन मुलं हमखास विचारतात, ताई बर्गर मागवला तरी अडीचशेच्या पुढे जातं, तुम्ही रोज दुपारचं कसं भागवता? म्हणून एकदा नीटच लिहिते.

2004 मध्ये मॅकआलू टिक्की 20 रुपयांना मिळायची, आता त्या भावात बऱ्याच ठिकाणी साधा वडापावच येतो. हॉटेलवाल्यांनाही सगळंच महाग पडतंय, आपल्याकडे निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरूनच येतं, वर जागेचं भाडं आहेच. पण बिल फुगतं ते घरपोच मागवल्यामुळे. झोमॅटोने 2023 च्या ऑगस्टमध्ये प्लॅटफॉर्म फी सुरू केली तेव्हा ती 2 रुपये होती, पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत 10 झाली, शिवाय पॅकिंग, डिलिव्हरी आणि जीएसटी. म्हणजे पोटात जाणाऱ्या घासापेक्षा वरचेच पैसे जास्त खटकतात.

मग पहिला सल्ला मिळतो तो वडापावचा. मला वडापाव मनापासून आवडतो पण ते जेवण नाही हो, दोन खाल्ले तरी चारला परत भूक लागते आणि मग चहाबरोबर अजून काहीतरी, हिशेब तिथेच येतो. दुसरा सल्ला घरून डबा आणा. बरोबर आहे, पण जो मुलगा भाड्याच्या खोलीत एकटा राहतो आणि 7:20 ची लोकल पकडतो त्याला पहाटे उठून कणीक मळ म्हणणं मला पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की डब्यातलं कष्टाचं तेवढं विकत घ्या आणि सोपं तेवढं घरी करा. कष्ट पोळीत आहेत. स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून मी फक्त पोळ्या घेते, आमच्याकडे 10 रुपयांना एक, तीन पुरतात. तिथल्या काकू तव्यावरून उतरवली की पोळीला तेलाचा हात लावून चौघडी घालतात, गरम पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका, घाम सुटतो आणि दुपारपर्यंत लगदा होतो, सुती रुमाल न्या आणि डबा थोडा उघडा ठेवा. चार-सहा बायका सकाळपासून उभ्याने लाटत असतात, एका पोळीचे 10 रुपये मला कधीच जास्त वाटले नाहीत, तिथे घासाघीस करणाऱ्यांचा राग येतो.

भाजी घरची. रविवारी सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. पाव किलोची दुपटीहून जास्त होते. कांदा, गोडा मसाला, गुळाचा खडा, कुकरला एक शिट्टी, फ्रीजमध्ये ठेवली की तीन दिवस निघतात. उरलेले दिवस दही-चटणी नाहीतर बटाट्याची सुकी भाजी. सोबत काकडी घेतली तरी सगळं मिळून पन्नाशीच्या आसपास बसतं.

अगदीच हात आखडलेला असेल तर शिवभोजन केंद्र विचारा, 26 जानेवारी 2020 ला ही थाळी 10 रुपयांत सुरू झाली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. त्यात लाज कसली.

आणि केंद्रात आदल्या दिवशी पोळ्या सांगून ठेवा, सकाळी आयत्या वेळी गेलात तर ऑर्डरवाल्यांच्या आधी तुम्हाला मिळणार नाहीत.