कॉलेज असलेले गाव आणि कॉलेजचे गाव

माझी मुलगी मिशिगन विद्यापीठात शिकली आणि जावई ओहायो स्टेट विद्यापीठात. ती सोलापूरची, ते बार्शीचे. लग्न जमवताना आम्ही पत्रिका पाहिली, घराणे पाहिले, आहारविहाराची चौकशी केली, पण हा मुद्दा तपासायचा राहून गेला. 2023च्या नोव्हेंबरात मिशिगन विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बरला त्यांच्या घरी मुक्कामाला असताना या चुकीचे गांभीर्य माझ्या लक्षात आले. महिन्याच्या त्या शेवटच्या शनिवारी या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना होता आणि सकाळपासून दोघे एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोलत होते. मुलीने निळ्या रंगावर पिवळा ‘एम’ असलेला सदरा घातला होता. जावयांनी घरातल्या घरात लाल टी-शर्ट चढवला होता आणि कचरा टाकायला बाहेर जाताना मात्र त्यावर मुकाट्याने स्वेटर घातला.

त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो आणि माणसे एकमेकांवर भिंतीसारखी कोसळतात. मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा पहिला सामना 1897 साली झाला, पण भांडण त्याहून जुने आहे. 1835-36 मध्ये टोलेडो शहराजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो यांनी आपापली फौज उभी केली होती. शेवटी तो पट्टा ओहायोला गेला, मिशिगनला उत्तरेकडचा द्वीपकल्प आणि राज्याचा दर्जा मिळाला. ही हकिकत सांगताना मुलगी मला सीमावाद म्हणजे काय ते समजावू लागली, तेव्हा मी तिला थांबवले. अक्कलकोट ज्याच्या जिल्ह्यात आहे, त्याला हा विषय शिकवावा लागत नाही.

तिकिटाचा भाव ऐकल्यावर मैदानात जाण्याची गोष्ट मी पुन्हा काढली नाही. सकाळी आठच्या सुमारास एकटाच फिरायला निघालो आणि मैदानाच्या दिशेने चालत गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरापुढच्या हिरवळीवर मोटारी लागत होत्या. एका घरापुढे सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ कानटोपी घालून, हातात पुठ्ठ्याची पाटी धरून उभे होते. पाटीवर हाताने चाळीस डॉलर लिहिलेले होते. मी काही गाडी लावणारा नव्हतो, पण थंडीत दोन म्हातारे एकमेकांना पाहून थांबतातच. त्यांनी मला 1969 सालच्या सामन्याविषयी सांगितले. ओहायोचा संघ अजिंक्य समजला जात होता आणि तरी ‘आम्ही’ त्यांना हरवले, असे ते म्हणाले. मी विचारले, आपण तेव्हा विद्यापीठात कोणत्या शाखेला होता? ते हसले. ते कधीच विद्यापीठात गेले नव्हते. उभे आयुष्य त्यांनी मोटारींच्या कारखान्यात काढले होते. अशा लोकांना हिणवण्यासाठी तिकडे ‘वॉलमार्ट वुल्व्हरीन’ असा शब्द आहे, वुल्व्हरीन हे मिशिगनच्या संघाचे नाव, म्हणजे विद्यापीठाशी नाते इतकेच की दुकानातून सदरा विकत घेतला. हा शब्द मला मुलीने नंतर सांगितला. मला तो अन्यायाचा वाटला, कारण त्या गृहस्थांच्या तोंडचा ‘आम्ही’ अगदी सहज आलेला होता.

सामना दुपारी बाराला सुरू झाला. मैदान घरापासून जेमतेम दीड मैलावर आणि आमच्याकडे प्रक्षेपण इंटरनेटवरून येत असल्याने ते प्रत्यक्षाच्या अर्धा मिनिट मागे चालत होते. त्यामुळे एक विचित्र प्रकार घडत होता. खिडकीतून आधी गर्जना यायची आणि मग पडद्यावर तिचे कारण दिसायचे. जावई वैतागून खिडकी लावून घ्यायचे, मुलगी ती पुन्हा उघडायची. तिसऱ्या सत्रात 17-17 अशी बरोबरी असताना पडद्यावर खेळ चालूच होता, पण बाहेरचा आवाज एकाएकी बंद झाला. एक लाखाहून अधिक माणसे गप्प झाल्याचे मी आयुष्यात प्रथमच ऐकले. थोड्या वेळाने पडद्यावर दिसले की मिशिगनच्या झॅक झिंटर या खेळाडूचा पाय मोडला होता. लाल टी-शर्टातले जावईही उठून उभे राहिले. त्याला मैदानाबाहेर नेल्यानंतरच्या पहिल्याच डावात ब्लेक कोरम चेंडू घेऊन 22 यार्ड धावला, त्याने गुण मिळवले आणि बोटांनी झिंटरचा 65 हा क्रमांक दाखवला. ती गर्जना पडद्याच्या आधी आली, तेव्हा काचेचे तावदान हलले असे मी शपथेवर सांगेन. मुलगी म्हणते की तो माझा भास होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ओहायोचा चेंडू मिशिगनच्या हाती गेला आणि सामना 30-24 असा संपला. रात्रीच्या जेवणात पिठले कमी तिखट झाले होते, याबद्दल जावयांनी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र वाद रंगला, आणि तो सामन्याचा नव्हता. कॉलेजचे खरे गाव कोणते, अ‍ॅन आर्बर की कोलंबस? मुलीचे म्हणणे असे की कोलंबस ही ओहायोची राजधानी. तिथे सरकार आहे, विमा कंपन्या आहेत, विद्यापीठ हे त्यातले एक खाते. अ‍ॅन आर्बरची लोकसंख्या 2020च्या गणनेत सव्वा लाखाला थोडी कमी भरली आणि मैदानाची क्षमता 1,07,601 आहे, म्हणजे जवळजवळ अख्खे गाव त्यात बसेल. 1837 साली गावकऱ्यांच्या जमीन कंपनीने 40 एकर देऊ केले, म्हणून डेट्रॉइटमधले विद्यापीठ इथे आले. तात्पर्य, गावाने कॉलेजला आवतण दिले होते. जावयांचा युक्तिवाद वेगळा होता. छोट्या गावात सगळे विद्यापीठावरच जगतात, तेव्हा प्रेम कशाला, ती गरज झाली; कोलंबस नऊ लाखांचे शहर असूनही त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचा प्रत्येक ‘एम’ लाल पट्टीने खोडला जातो, याला प्रेम म्हणतात. मला दोघांचेही पटले, जे सासऱ्याला शोभणारे नव्हते. अ‍ॅन आर्बरमधले घरभाडे आणि पुढच्या वर्षीच्या खोलीचा करार आदल्या वर्षीच करून टाकण्याची विद्यार्थ्यांची धावपळ पाहिली, तर गावकऱ्यांच्या प्रेमाला हिशेबाची बाजूही आहे, हे कळते. ते पाटीवाले गृहस्थ चाळीस डॉलर घेतच होते.

पण माझ्या डोक्यात नऊ लाखांचा आकडा बसला. 2011च्या जनगणनेत सोलापूर 9,51,558 लोकांचे. म्हणजे आपण कोलंबसएवढे. महाविद्यालये मोजायला गेलो तर दयानंद आणि संगमेश्वर ही जुनी नावे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वालचंद, वाणिज्य, विधी, फार्मसी, यादी लांबते. 2004 साली तर एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले, त्यापूर्वी गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायलाही आम्ही एसटीने कोल्हापूर गाठत होतो. तरीही सोलापूरला कोणी कॉलेजचे गाव म्हणणार नाही. गिरणगाव म्हणत होते, चादरीचे गाव म्हणतात.

मी तीस वर्षे इथल्या एका महाविद्यालयात शिकवले, त्यामुळे कारण मला ठाऊक आहे आणि ते इमारतींत नाही, पाचच्या एसटीत आहे. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, दक्षिण तालुक्यातली खेडी इथून मुले सकाळी येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. कितीतरी व्याख्याने मी साडेपाचला ठेवून रिकाम्या बाकांना ऐकवली आहेत. जो विद्यार्थी दिवेलागणीला गावात नसतो, त्याच्यासाठी गावात पुस्तकाचे दुकान, चहाचा कट्टा, नाटकाची तालीम काहीच उगवत नाही. जी मुले राहायला तयार असतात, त्यांना ‘खोली फक्त फॅमिलीसाठी’ अशी पाटी दिसते. विद्यापीठ स्वतः शहराबाहेर, पुणे महामार्गावर केगावला आहे. आणि पदवी हातात पडली की हुशार मुलगा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसतो, तो पुण्याचाच होतो. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मी माझ्या मुलीला अ‍ॅन आर्बरला पाठवून बसलो आहे.

कोणी म्हणेल, खेळाची चुरस आपल्या रक्तातच नाही. मग त्याने कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांचा सामना पाहावा. तिथेही फुटबॉल आहे, रंग आहेत, आणि ज्याने जन्मात चेंडूला पाय लावला नाही असा दुकानदारही ‘आम्ही’ म्हणतो. फक्त त्याचे ‘आम्ही’ तालमीचे आणि पेठेचे असते, विद्यापीठ त्याच गावात 1962 पासून असले तरी. सोलापूरचे ‘आम्ही’ जानेवारीत दिसते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि पांढऱ्या बाराबंदीतल्या त्या गर्दीत वकील कोण, विडी कारखान्यातला कामगार कोण, मराठी कोण, तेलुगू कोण, कन्नड कोण, हे ओळखता येत नाही. अ‍ॅन आर्बरच्या पिवळ्या-निळ्या गर्दीत मला तेच आठवले होते. आपल्याकडे ते नाते मंदिराशी आणि पेठेशी जडले, कारण मंदिर आणि पेठ संध्याकाळी पाचला रिकामी होत नाहीत. एके काळी गिरणीच्या भोंग्याशीही असेच नाते होते. भोंगा झाला की गिरणीत नसलेले लोकही घड्याळ लावत.

महाविद्यालयाशी असे नाते सोलापुरात मी एकदाच पाहिले. आमच्या महाविद्यालयामागच्या गल्लीत एक मावशी मेस चालवत असत. घरची भाषा तेलुगू, पोरांशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड. दुपारच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि कोणाची परीक्षा कधी आहे हे परीक्षा विभागापेक्षा त्यांना आधी माहीत. तोंडी परीक्षा असलेल्या मुलाला त्या आधी वाढत. एका वर्षी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात आमच्या एकांकिकेने शहरातल्या दुसऱ्या मोठ्या महाविद्यालयासमोर मान टाकली. मुलांनी दोन महिने मेसच्याच गच्चीवर तालीम केली होती. निकालाच्या रात्री मी मुलांची समजूत घालायला गेलो, तर मावशी दारातच उभ्या होत्या.

“काय सर, आपण हरलो म्हणं?”

मी मान हलवली. त्यांनी परीक्षकांविषयी तेलुगूत काहीतरी म्हटले, त्याचे भाषांतर मी विचारले नाही. मग आत जाऊन त्यांनी झाकलेले पातेले उघडले. मुले जिंकून येणार या हिशेबाने दुपारीच शेंगापोळ्या करून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी दोन-दोन करून सगळ्यांच्या ताटात वाढल्या, आणि मलाही बसायला पाट दिला.