तुम्ही विचारलंत म्हणून : बॅटरीचं ड्रिल मशीन कुठलं घ्यावं?

बेळगावात उद्यमबागेजवळ माझं पॉवर टूल दुरुस्तीचं दुकान आहे. आर्मेचर, कार्बन, स्विच, गिअर, बॅटरी, जे जळेल ते माझ्याकडे येतं. त्यामुळे नवं मशीन घ्यायच्या आधी सुतार, इलेक्ट्रिशियन, फॅब्रिकेशनवाले एकदा तरी विचारून जातात, "मामा, बॅटरीचं कुठलं घेऊ? पैसे जास्त नाहीत, पण रोजच्या कामाला टिकायला पाहिजे." हुक्केरी, गोकाककडचं गिऱ्हाईक "यावदु छलो ऐतरी, अण्णा?" म्हणतं. प्रश्न तोच. काउंटरवर हातात सोल्डरिंग गन असताना अर्धंच उत्तर देता येतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

कंपनीचं नाव सांगायच्या आधी मी उलट विचारतो, दिवसभरात सगळ्यात जास्त भोकं कशात पाडतोस? याला बहुतेक जण "सगळ्यातच" म्हणतात. खोदून विचारलं की कळतं, दहातली आठ कामं एकाच जातीची असतात. मशीन त्या आठांसाठी घ्यायचं. उरलेल्या दोनांसाठी घेतलं की पैसे वाया जातात आणि मनगटही दुखतं.

आपल्याकडच्या भिंतीच बघा. खानापूर, जांबोटी बाजूला जुन्या घरांना जांभ्या चिऱ्याच्या भिंती आहेत. चिरा मऊ आणि सच्छिद्र. त्याला हॅमर, म्हणजे मशीनची ठोके देत फिरवायची सोय, लावलात तर भोक आतून ढासळतं, प्लग सैल बसतो आणि मालक तुम्हाला नावं ठेवतो. हॅमर बंद ठेवून धारदार कार्बाइड टोकाचा बिट नुसता फिरवला तर भोक गोल राहतं. नव्या बांधकामातल्या हलक्या ब्लॉकचंही तसंच. अशा भिंतीत ६ मिमीची भोकं, स्विचबॉक्स, पडद्याचे रॉड, कपाटाची बिजागरं, एवढंच काम असेल तर १२ व्होल्टचं छोटं मशीन पुरून उरतं. किलोभर वजन, एका हातात मावतं, कपाटाच्या आत शिरतं. सुतार लोक ऑटो हिंजच्या (कपाटाच्या स्प्रिंगवाल्या बिजागरीच्या) वाटीचं ३५ मिमीचं भोक याच मशीनवर लो गिअरला मारतात, मी रोज बघतो.

स्लॅब आणि कॉलम ही मात्र वेगळी गोष्ट. आपल्या काँक्रीटमध्ये बहुधा काळ्या दगडाची खडी पडते. बिट त्या खडीवर आला की साधं हॅमर ड्रिल नुसतं खडखडतं. कारण त्यात आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, आणि तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढाच ठोका बसतो. रोटरी हॅमरमध्ये, म्हणजे एसडीएस बिट लागतो त्या मशीनमध्ये, पिस्टन हवा दाबून ठोका मारतो. माणसाने फक्त धरायचं. एसी बसवणारे, फॉल्स सीलिंगवाले, पाइप टांगणारे यांना मी सरळ सांगतो, पैसे कमी असतील तर बॅटरीचा नाद सोडा, वायरचं दोन किलोचं रोटरी हॅमर घ्या आणि वर चांगली एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. मी दुरुस्तीवाला असून गिऱ्हाइकाला कमी खर्चाचं सांगतो म्हणून शेजारचा दुकानदार हसतो, हसू दे. बॅटरीवरचं एसडीएस मशीन छानच असतं, पण ते मोठ्या बॅटऱ्या खातं. जिथे लाइट नसते, उंचीवर चढायचं असतं, तिथेच त्याचे पैसे वसूल होतात.

लोखंडात काम करणाऱ्यांनी वेग बघावा. साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टील, नेहमीचं लोखंड) ६ मिमीचा एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलचा, बिट मिनिटाला चौदाशे-पंधराशे फेऱ्यांना छान कापतो, १० मिमीचा नऊशेच्या आसपास, स्टेनलेस असेल तर त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून कमी. म्हणून दोन गिअरचं मशीन हवंच. पत्र्याच्या शेडची कामं मे महिन्यात एकदम अंगावर येतात, पाऊस यायच्या आत सगळ्यांनाच गोठा आणि पडवी झाकायची असते. ते सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारायला ड्रिलपेक्षा इम्पॅक्ट ड्रायव्हर बरा. तो आडवे ठोके देत फिरवतो, त्यामुळे मनगटाला पीळ बसत नाही आणि स्क्रूचं डोकंही लवकर खराब होत नाही. दिवसाला शेकडो स्क्रू मारणाऱ्याने आधी तो घ्यावा, ड्रिल नंतर.

आता बॅटरी. माझ्या मते सगळा हिशेब इथेच आहे.

लिथियमच्या एका सेलचा व्होल्टेज ३.६. पाच सेल एका ओळीत जोडले की १८. पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणजे तेच पाच सेल २१ दाखवतात. म्हणून १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट लिहिलेली मशीनं एकाच ताकदीच्या वर्गातली. डिवॉल्टची तीच बॅटरी अमेरिकेत २० मॅक्स म्हणून आणि युरोपात १८ म्हणून विकली जाते. १२ व्होल्टवाल्यात तीन सेल असतात, तेही खरं तर १०.८. हे सगळं चालतं, फसवणूक नाही. पण बाजारात ४८, ८८, १२८ असे आकडे छापलेली स्वस्त मशीनं येतात. तसल्या बॅटऱ्या उघडल्या की माझ्यासमोर पडतात तेच पाच सेल.

दुसरा आकडा अँपिअर-अवरचा. व्होल्टला त्याने गुणलं की वॅट-अवर येतात. १८ व्होल्ट, २ एएच म्हणजे ३६. १८ व्होल्ट, ४ एएच म्हणजे ७२. टाकीत पेट्रोल किती, ते हे. डब्यावरचा एएच खरा की खोटा, हे ओळखायला बॅटरी तराजूवर ठेवा. जाड बोटाएवढा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा. ४ एएचच्या बॅटरीत असले दहा सेल असतील तर नुसते सेलच साडेचारशे ग्रॅम भरतात, वर प्लास्टिक वेगळं. तीनशे ग्रॅमची बॅटरी "६ एएच" म्हणत असेल तर ते रसायनशास्त्राला जमणारं नाही. दुकानदाराकडे खिळे तोलायचा काटा असतोच.

वजन बरोबर असूनही सेल कमजोर असू शकतात. लोखंडात बिट अडकला की मशीन क्षणभर वीस-तीस अँपिअर ओढतं. चांगला सेल ते सोसतो, स्वस्तातला तापतो. त्यात सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट नसेल तर एक सेल बसतो आणि त्याच्यापायी चांगले चार फुकट जातात. सेल बदलून देता का, असं सारखं विचारतात. देतो, पण स्पॉट वेल्डिंगने आणि बरोबरीचे सेल मिळाले तरच. सेलवर थेट सोल्डर ओतून केलेली दुरुस्ती घरात चार्जिंगला लावून झोपू नका.

म्हणून किमती विचारताना तीन आकडे विचारा : दोन बॅटऱ्यांसह पूर्ण संच केवढ्याला, नुसती बॉडी, म्हणजे बॅटरी-चार्जरशिवाय मशीन, केवढ्याला, एक सुटी बॅटरी केवढ्याला. सुटी बॅटरी मिळतच नाही असं उत्तर आलं तर पुढचं बोलणं थांबवा. ती मशीनं मी भंगारात टाकतो, मोटर धडधाकट असताना. चांगल्या कंपन्यांत दोन बॅटऱ्यांचे पैसे संचाच्या निम्म्याच्या आसपास जातात. पण पुढचं मशीन, ग्राइंडर म्हणा, इम्पॅक्ट म्हणा, नुसती बॉडी घेऊन त्याच बॅटरीवर चालतं. तेव्हा पहिलं मशीन घेताना पुढची पाच वर्षं कुठल्या रंगाच्या डब्यात राहायचं तेच ठरत असतं. बॉश, मकिता, डिवॉल्ट, यांतलं कुठलंही घ्या, मला फरक पडत नाही. स्पेअर बेळगावात मिळतो का, नाहीतर हुबळी-कोल्हापूरहून दोन दिवसांत येतो का, ते मात्र विचारा. गोव्यात कामाला जाणाऱ्या पोरांनी पणजी-मडगावलाही चौकशी करावी, मशीन चोर्ला घाट उतरल्यावरच बंद पडतं.

ब्रशलेस, म्हणजे मोटरीत घासणारे कार्बन नसलेलं, घ्यावं का? रोज वापरणाऱ्याने घ्यावं. कार्बन झिजत नाहीत, त्याच बॅटरीत जास्त भोकं पडतात. फक्त आतला बोर्ड गेला तर खर्च मोठा असतो, म्हणून वॉरंटी संपेपर्यंत जीएसटीचं पक्कं बिल जपा. जीएसटी नंबर असलेल्यांना त्या १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळतं. आठवड्यातून एकदा वापरणाऱ्याला कार्बनवालं पुरे.

टॉर्कचा आकडा डब्यावर मोठा छापतात तो हार्ड टॉर्क, म्हणजे घट्ट जागी झटक्यात मिळणारा. लाकडात लांब स्क्रू पिळताना उपयोगी पडतो तो सॉफ्ट, बारीक अक्षरांत असतो. दोन मशीनं ताडून बघायची तर सॉफ्टशी सॉफ्ट.

चार्जिंगचं जुनं शहाणपण सोडा. बॅटरी पूर्ण उतरवून मग लावायची, हे निकेल-कॅडमियमच्या काळातलं. लिथियमला अर्ध्यावर लावलेली चालते. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरवर बसवू नका, चांगला चार्जर ती थंड होईपर्यंत घेतच नाही आणि लोक मला फोन करतात की चार्जर बिघडला. पावसाळ्यात काम नसताना बॅटरी अर्धी भरून, मशीनपासून काढून, कोरड्या डब्यात ठेवा. कणकुंबीकडच्या ओलीत ठेवलेल्या मशीनची पितळी पातीसुद्धा हिरवी झालेली येतात.

दुकानात पैसे द्यायच्या आधी एवढं करा. चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडात, नवा, सरळ ६ मिमीचा बिट लावा आणि ट्रिगर अगदी हळू दाबा. बिटचं टोक डगमगतं का, वेग हळूहळू चढतो की धक्क्याने, ट्रिगर सोडल्यावर चक तिथल्या तिथे थांबतो का, हे बघा. मग उलटं फिरवून पुन्हा. यातलं काही खटकलं तर तो डबा बाजूला ठेवून दुसरा फोडायला सांगा. दुकानदार कुरकुरतो, पण फोडतो.